सही कर्जदाराची, निर्णय दोघांचा

वर्तमानपत्राच्या आतल्या पानांवर बारीक टायपात 'ताबा सूचना' छापून येतात. कर्जदाराचं नाव, जामीनदाराचं नाव, मागणी नोटिशीची तारीख, थकीत रक्कम आणि खाली मिळकतीच्या चतुःसीमा: पूर्वेस जिना, पश्चिमेस अमुक नंबरचा फ्लॅट. या सूचना जास्त दिसू लागल्या, किंवा व्याजदर चढले, की ठरलेला वाद सुरू होतो. एक बाजू विचारते, 'सही करताना डोळे मिटले होते का? ऐपत नव्हती तर एवढं घर घेतलंच कशाला?' दुसरी बाजू बँकांना नवे सावकार ठरवून मोकळी होते आणि वसुली थांबवा, व्याज माफ करा अशी मागणी करते. दोघांचा आवाज मोठा असतो आणि दोघंही एकाच दिवसाबद्दल भांडतात, हप्ता थकल्याच्या दिवसाबद्दल. पण बिघाड त्या दिवशी झालेला नसतो. तो काही वर्षं आधी, फाइल मंजूर झाली त्या दिवशीच झालेला असतो, आणि त्या दिवशी टेबलाच्या दोन्ही बाजूंना माणसं बसलेली होती.

म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकतो: न झेपणाऱ्या गृहकर्जापासून कायद्याने संरक्षण द्यायला हवं, पण ते कर्ज देण्याच्या टप्प्यावर. फेडीची ऐपत तपासणं हे कर्ज देणाऱ्याचं कायदेशीर कर्तव्य असावं, आणि ते त्याने पाळलं नसेल तर बुडिताचा एक ठरावीक हिस्सा त्याच्याच माथी जावा. सरसकट माफी नको, वसुलीला बेमुदत स्थगितीही नको.

या भूमिकेवरचा पहिला आक्षेप सज्ञानपणाचा. मत देणारा, लग्न करणारा, धंदा उभारणारा माणूस स्वतःच्या हप्त्याचा हिशेब करू शकत नाही असं मानणं हा त्याचा अपमान नाही का? आक्षेप वजनदार आहे. करार पाळले जातील या भरवशावरच स्वस्त कर्ज उभं राहतं. तो भरवसा गेला तर पहिला फटका पुढच्या कर्जदाराला बसतो. पण गृहकर्जाचा करार हा नेहमीच्या खरेदीसारखा करार आहे का? फ्रीज घेताना किंमत ठरते, पैसे दिले की व्यवहार संपतो. बदलत्या दराच्या कर्जात किंमत सहीनंतर वीस वर्षं बदलत राहते आणि ती बदलण्यात कर्जदाराला मत नसतं.

हे आकड्यांत पाहू. साडेसहा टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलेल्या कर्जाचा हप्ता लाखामागे ७४६ रुपयांच्या जरासा खाली येतो. पहिल्या हप्त्यातले ५४२ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फक्त २०४ रुपयांनी कमी होतं. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर, म्हणजे ती स्वतः बँकांना ज्या दराने पैसे देते तो दर, ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. रेपोशी जोडलेलं साडेसहा टक्क्यांचं कर्ज नऊ टक्क्यांवर गेलं. नऊ टक्क्यांनी लाखाचं महिन्याचं व्याज होतं ७५० रुपये. म्हणजे हप्ता आहे तोच ठेवला तर तो नुसत्या व्याजालाही पुरत नाही. माणूस नेमाने हप्ता भरतो आणि कर्ज वाढतं. एक वर्ष हप्ते भरून झालेल्या माणसाचं मुद्दल लाखामागे साडेसत्त्याण्णव हजारांवर आलेलं असतं, म्हणून तो या सापळ्यातून केसाच्या अंतराने सुटतो. पण त्याच हप्त्यात, त्या दराने त्याची उरलेली १९ वर्षं सुमारे ४४ वर्षं होतात. पस्तिशीत घेतलेलं कर्ज ऐंशीत फिटणार! प्रत्यक्षात बँक मुदत एवढी ताणत नाही. निवृत्तीच्या वयाची कमाल मर्यादा आडवी येते आणि हप्ता वाढतो. वीस वर्षांच्या नव्या कर्जाला नऊ टक्क्यांनी हप्ता ९०० रुपये, म्हणजे २१ टक्क्यांच्या आसपास जास्त. ज्या घरात पगाराचे ५० टक्के हप्त्यात जात होते, तिथे ६० जाऊ लागतात. या माणसाने सही करताना डोळे उघडे ठेवले असते तरी त्याला काय दिसलं असतं? साडेसहा टक्के.

रिझर्व्ह बँकेला हे दिसलं नाही असं नाही. १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकाने दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडंथोडं, हे कर्जदाराला विचारणं बंधनकारक केलं; स्थिर दराकडे जाण्याचा पर्याय द्यायला सांगितला; मुदत वाढवण्याच्या नादात मुद्दल उलटं फुगता कामा नये असं बजावलं. त्याच परिपत्रकात एक वाक्य आहे जे या सगळ्या वादात कुणी वाचलेलं दिसत नाही: कर्ज मंजूर करतानाच, पुढे दर वाढले तर मुदत किंवा हप्ता वाढवायला पुरेशी जागा राहील अशा बेताने कर्जदाराची ऐपत पाहावी. तत्त्व अगदी बरोबर आहे. पण पुरेशी म्हणजे किती, याचा आकडा नाही. आणि ती जागा ठेवली नाही तर कर्जदाराच्या हातात काय येतं? काहीच नाही.

आता फाइल उघडून पाहू, कारण ऐपत तपासली जाते असं सांगणारे फाइल उघडत नाहीत. साधारणपणे नोकरदाराकडून तीन महिन्यांच्या पगारपावत्या, दोन वर्षांचे फॉर्म १६ आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट घेतलं जातं. सिबिल, म्हणजे आधीच्या कर्जफेडीची नोंद आणि तिचे गुण, पाहिला जातो. वकील मालकीहक्काचे कागद तपासतो, पॅनेलवरचा मूल्यमापक जागेची किंमत काढतो. मग उत्पन्नाच्या किती टक्क्यांपर्यंत सगळे हप्ते जाऊ द्यायचे ते प्रमाण लावलं जातं. समजा पगार ८०,००० आहे आणि प्रमाण ५० टक्के. हप्त्याला ४०,००० मिळाले. साडेआठ टक्के, वीस वर्षं, लाखामागे ८६८ रुपये. कर्ज बसतं ४६ लाख. कागद स्वच्छ आहे. पण त्या ८०,००० मध्ये १५,००० इन्सेन्टिव्हचे आहेत, जे तेजीच्या तीन महिन्यांच्या पावत्यांत आले आणि मंदीत येणार नाहीत. पक्का पगार ६५,०००. त्यावर तोच हप्ता ६१ टक्के. दर अडीच टक्के वाढला तर हप्ता ४७,५०० च्या घरात, पक्क्या पगाराच्या ७३ टक्के. शिवाय पदरचे पैसे. घराच्या किमतीचा पाचवा हिस्सा आणि वर मुद्रांक शुल्क, नोंदणी ही रक्कम कुठून आली, हा प्रश्न फाइलमध्ये क्वचितच खोलात जातो. ती दुसऱ्या कंपनीच्या वैयक्तिक कर्जातून आली असेल आणि ते कर्ज सिबिलच्या नोंदीत चढण्याआधीच फाइल लॉगिन झाली असेल, तर मंजूर करणाऱ्याला तो हप्ता दिसतच नाही. त्यात कर्जाच्या विम्याचा एकरकमी हप्ता मुद्दलातच मिसळला जातो आणि त्यावरही वीस वर्षं व्याज चालतं.

हे सगळं शाखेतल्या अनुभवी माणसाला कळत नाही असं कोण म्हणेल? कळतं. पण फाइल आणणाऱ्या एजंटाचं कमिशन कर्ज वितरित झालं की मिळतं. ते फिटलं की नाही हे समजेपर्यंत तो चार बँका फिरून आलेला असतो. टार्गेट मार्चअखेरचं असतं, थकबाकी तिसऱ्या वर्षी दिसते, आणि तोवर मंजूर करणाऱ्याची बदली झालेली असते.

इथे दुसरा आक्षेप येतो, अर्थशास्त्राचं पहिलं पुस्तक वाचलेल्यांचा: बुडणारं कर्ज देऊन बँकेला काय मिळणार? स्वतःच्या फायद्यासाठी तरी ती नीट तपासेलच, कायद्याची गरज काय? विनातारण कर्जाबाबत हे बऱ्याच अंशी खरं आहे. तारणी कर्जात मात्र घर हीच बँकेची फेड असते. घरांच्या किमती चढत्या असतील तर कर्जदार बुडाला तरी बँक बुडत नाही, आणि मग ती माणसाला कर्ज न देता भिंतींना कर्ज देऊ लागते. आपले नियमही याच दिशेने झुकलेले आहेत. ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या ९० टक्के, ३० ते ७५ लाखांपर्यंत ८० टक्के, त्यावर ७५ टक्के ही रिझर्व्ह बँकेची कमाल मर्यादा आहे. ही मर्यादा बँकेला वाचवते, घर विकून पैसे वसूल व्हावेत म्हणून. कुटुंबाच्या उत्पन्नाशी हप्त्याचं प्रमाण किती असावं याची तशी मर्यादा गृहकर्जाला नाही. ते प्रत्येक बँकेचं धोरण. गंमत अशी की सूक्ष्म कर्जांना ती आहे. एप्रिल २०२२ पासून, वार्षिक ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून त्याच्या मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपुढे जाता कामा नयेत. शेळीसाठी घेतलेल्या कर्जाला जो विवेक लावला, तो आयुष्यभराच्या घराला लावल्याने कर्जदाराचा अपमान कसा होतो, हे सज्ञानपणाचा मुद्दा मांडणाऱ्यांनी सांगावं.

कर्ज देणारा आणि जोखीम वाहणारा वेगवेगळे झाले की काय होतं, ते अमेरिकेने २००८ मध्ये सगळ्या जगाला दाखवलं. पहिली दोन वर्षं ठरावीक कमी दर आणि उरलेली अठ्ठावीस वर्षं बदलता दर, अशी कर्जं विकली गेली. उत्पन्न कर्जदाराने तोंडी सांगायचं, कागद मागायचा नाही. दिलेलं कर्ज विकून टाकायचं, त्याचे रोखे बनायचे, आणि ते जगाच्या दुसऱ्या टोकाच्या पेन्शन फंडाकडे जायचे. फार विसरली गेलेली गोष्ट ही की हे रोखण्याचा अधिकार तिथल्या मध्यवर्ती बँकेकडे १९९४ च्या कायद्याने आधीच होता. गृहकर्जातल्या अन्यायकारक प्रथांविरुद्ध सर्वव्यापी नियम तिने केले ते जुलै २००८ मध्ये, घर जळून झाल्यावर. जॉर्जिया राज्याने २००२ मध्ये स्वतःचा कडक कायदा केला, रोख्यांना गुणांकन देणाऱ्या संस्थांनी अशा कर्जांवरच्या रोख्यांना गुणांकन द्यायला नकार दिला, आणि राज्याला २००३ मध्ये कायदा सैल करावा लागला. तेव्हा या घटनेचा दाखला 'कडक कायद्याने कर्जपुरवठा आटतो' म्हणून दिला जाई. आज तीच घटना वाचली तर दिसतं, ते कर्ज खरोखर आटायलाच हवं होतं.

पण ही दूरची उदाहरणं देण्याआधी आपण आपल्याच मातीतलं उदाहरण का विसरतो? १८६१ ते १८६५ या अमेरिकी यादवीच्या काळात तिथला कापूस बंद झाला आणि दख्खनच्या कापसाला सोन्याचा भाव आला. कापूस लावलेल्या एकरामागे शंभर शंभर रुपये उचल मिळू लागली. ऐपत कुणी पाहत नव्हतं, भाव पाहिला जात होता. युद्ध संपलं, भाव कोसळले, सरकारने नव्या जमाबंदीत सारा वाढवला, आणि ज्या सावकाराने मागेल तेवढं दिलं होतं त्याने हात आखडता घेतला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात दंगा उसळला. लोकांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जखतं शोधून जाळली. घरांच्या किमती कायम चढणारच या भरवशावर दिलेलं कर्ज आणि कापसाचा भाव कायम टिकणारच या भरवशावर दिलेली उचल, यांत तत्त्वाचा फरक काय आहे?

आणि याच इतिहासात माझ्या बाजूच्या लोकांनीही कान टोचून घ्यावेत असा धडा आहे. रयतेचं रक्षण व्हावं म्हणून सरकारने १८५९ मध्ये मुदतीचा कायदा केला होता: कर्जखत तीन वर्षांपुरतंच वैध, म्हणजे व्याजाचा डोंगर साचणार नाही. झालं उलटं. सावकार दर तीन वर्षांनी नवं खत लिहून घेऊ लागला आणि थकलेलं व्याज नव्या खताचं मुद्दल झालं. संरक्षणाचा कायदाच चक्रवाढीचं यंत्र बनला. हिंदू धर्मशास्त्रातला दामदुपटीचा नियम, एका वेळी मुद्दलाहून जास्त व्याज वसूल करता येणार नाही हा, मुंबई इलाख्यातली न्यायालयं मानत होती. पण खतच नवं झालं की मुद्दलही नवं, मग दुप्पट कशाची मोजायची? दंग्यानंतर, १८७९ मध्ये पुणे, सातारा, सोलापूर, अहमदनगर या जिल्ह्यांसाठी दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला आणि त्याने नेमकं इथे बोट ठेवलं: न्यायाधीशाने खतावरच्या आकड्यावर न थांबता व्यवहाराच्या मुळापर्यंत जावं, पहिल्यांदा किती दिले आणि किती फेडले याचा हिशेब काढावा. दीडशे वर्षांपूर्वी, कराराच्या स्वातंत्र्यावर नितांत श्रद्धा असलेल्या राजवटीने हे केलं. सावकारांनी त्यालाही वाट काढली. गहाणखताऐवजी खरेदीखत लिहून घ्यायचं आणि पैसे फेडलेस तर जमीन परत करीन असं तोंडी सांगायचं. त्यासाठी कायद्यात पुढे दुरुस्ती करावी लागली.

म्हणजे चांगला हेतू पुरत नाही, शब्दरचना लागते. ऑस्ट्रेलियाने २००९ च्या कायद्याने कर्ज देणाऱ्याला बजावलं की ग्राहकाला 'अयोग्य' कर्ज देऊ नका. अयोग्य म्हणजे काय हे मोघम राहिलं. एका मोठ्या बँकेने अर्जदारांनी स्वतः लिहिलेला खर्च बाजूला ठेवून सांख्यिकी सरासरीचा खर्च धरून हजारो कर्जं मंजूर केली. नियामक न्यायालयात गेला आणि २०१९ मध्ये हरला, पुढच्या वर्षी अपिलातही. आज रोज महागडं गोमांस आणि उंची मद्य घेणारा माणूस नव्या घरासाठी साधं खाऊन राहू शकतो, अशा अर्थाचं न्यायाधीशांचं निरीक्षण तिथे फार गाजलं. निरीक्षणात तथ्य आहे. पण शाळेची फी, आईची औषधं आणि गावाकडे पाठवायचे पैसे हे उंची मद्य नव्हे.

तिसरा आक्षेप सगळ्यांत अवघड, आणि तो मी हातचं राखून मांडणार नाही. मर्यादा घातल्या की घराबाहेर राहतो तो गरीब आणि अनियमित उत्पन्नाचा माणूस. श्रीमंताला मर्यादा लागतच नाही. आयर्लंडने २००८ च्या पडझडीतून शिकून फेब्रुवारी २०१५ मध्ये कर्जाला वार्षिक उत्पन्नाच्या साडेतीन पटींची मर्यादा घातली. तिथली तरुण पिढी तेव्हापासून विचारते आहे: याहून जास्त भाडं मी दर महिन्याला भरतो, मग हा हप्ता मला झेपणार नाही असं कोण ठरवणार? २०२३ मध्ये पहिलं घर घेणाऱ्यांसाठी मर्यादा चारपटीवर न्यावी लागली. ब्रिटनमध्ये तर याहून विचित्र घडलं. तिथे एप्रिल २०१४ पासून उत्पन्नाचा पुरावा आणि ऐपतीची परीक्षा सक्तीची झाली. चढ्या दराने वर्षानुवर्षं नेमाने हप्ता भरणारे हजारो कर्जदार, दुसरीकडे स्वस्त कर्ज मिळत असूनही, नव्या परीक्षेत नापास होऊ लागले आणि जुन्या महाग कर्जात अडकून पडले. त्यांना नावच पडलं, गहाणकैदी. आठ हजारांचा हप्ता भरणाऱ्याला सहा हजारांचा झेपणार नाही असं सांगणारा नियम हा निव्वळ मूर्खपणा आहे, आणि नियामकाने २०१९ मध्ये तो सैल केला.

हे सगळं मान्य. वर घेतलेल्या उदाहरणातल्या कुटुंबालाही हाच हिशेब लावून पाहतो. पक्का पगार ६५,०००, दर अडीच टक्के वाढला असं गृहीत धरून ११ टक्के, आणि तेव्हाही हप्ता ६० टक्क्यांपुढे जाऊ नये असा नियम केला, तर कर्ज बसतं ३७ लाख ८० हजारांच्या आसपास. आधी ४६ मिळत होतं. आठ लाख गेले. ते कुटुंब एक खोली कमी घेईल, लांब जाईल, किंवा दोन वर्षं थांबेल. ही खरी किंमत आहे आणि ती लपवून संरक्षणाच्या गप्पा मारणं अप्रामाणिक आहे.

पण दुसरा अर्धा हिशेब हा आक्षेप घेणारे करत नाहीत. ती आठ लाखांची वाढीव ताकद एकाच कुटुंबाला मिळाली असती तर त्याला मोठं घर मिळालं असतं. ती एकाच इमारतीवर डोळा ठेवून असलेल्या पन्नास कुटुंबांना मिळते, आणि इमारत तेवढीच राहते. मग वाढतो तो दर. घर जसंच्या तसं, कर्ज आठ लाखांनी जास्त. गरिबाला दार उघडलं म्हणून ज्याचं कौतुक होतं, ते बऱ्याचदा बिल्डरला आणि आधीच्या मालकाला दिलेलं अनुदान असतं, हप्ता गरिबाचा. अनियमित उत्पन्नाचा प्रश्न वेगळा आहे आणि तो सुटण्यासारखा आहे: परीक्षा ऐपतीची असावी, पगारपावतीची नसावी. रिक्षावाला, शिंपी, भाजीचा ठेलेवाला यांच्या बारा महिन्यांच्या खात्यातल्या उलाढालीवरून, भरलेल्या भाड्यावरून ऐपत काढता येते. त्यात मेहनत आहे, आणि टाळली जाते ती मेहनतच. ब्रिटनने २०१४ मध्येच एक व्यवहारी सोय ठेवली होती: उत्पन्नाच्या साडेचार पटींपासून पुढची कर्जं पूर्ण बंद न करता, एकूण नव्या कर्जांच्या १५ टक्क्यांपर्यंत देता येतील. बँकेला माणूस पाहून अपवाद करायला वाव राहिला, अपवादाचा नियम करायला राहिला नाही. आणि नवी रक्कम न घेता फक्त बँक बदलणाऱ्याला परीक्षेतून वगळलं की गहाणकैदी तयारच होत नाहीत.

चौथा आक्षेप, पोट मारून बचत करणाऱ्याचा: मी छोटं घर घेतलं, ज्याने उडी मारली त्याला सवलत, मग शहाणपणाचं बक्षीस काय? तो रास्त आहे, आणि म्हणूनच माफीला माझा विरोध आहे. थकल्यानंतरची मदत द्यायचीच झाली तर ती कशी असावी याचा जुना नमुना महामंदीतला आहे. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्याने १९३३ मध्ये लिलावानंतर घर सोडवायची मुदत वाढवली आणि १९३४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरवला. फुकट राहायची सोय नव्हती; मुदतवाढ घेणाऱ्याला त्या काळात घराचं वाजवी भाडं कर्ज देणाऱ्याकडे भरावं लागे. वेळ मिळाला, पैसे सुटले नाहीत. स्पेनने तर युरोपीय न्यायालयाचा २०१३ चा फटका बसल्यावर, २०१९ च्या कायद्यात आकडेच लिहिले: मुदतीच्या पहिल्या निम्म्या काळात किमान १२ हप्ते किंवा मुद्दलाचे ३ टक्के थकल्याशिवाय आणि नंतरच्या काळात १५ हप्ते किंवा ७ टक्के थकल्याशिवाय सगळं कर्ज एकदम मागता येणार नाही.

आपल्याकडे ९० दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बुडीत वाटेवरचं, ठरतं. मग तारण घर न्यायालयात न जाता ताब्यात घेऊन विकू देणाऱ्या २००२ च्या सरफेसी कायद्याच्या कलम १३(२) खाली ६० दिवसांची नोटीस. त्यावर हरकत घेतली तर बँकेने १५ दिवसांत उत्तर द्यायचं. मग ताबा, मग लिलाव. कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे ४५ दिवसांत जाता येतं. तिथे प्रश्न असतो ताबा कायद्याप्रमाणे घेतला का, नोटीस नीट बजावली का. हे कर्ज मुळात द्यायला हवं होतं का, हा प्रश्न तिथे विचारायला जागाच नाही. आणि लिलावात घर पडत्या किमतीला गेलं तर उरलेली रक्कम कर्जदाराच्या मानगुटीवर तशीच. घर गेलं, कर्ज राहिलं. बांधकाम अपुरं असताना बिल्डरच्या नावे पैसे सोडायचे, तोवरचे हप्ते बिल्डर भरेल असं सांगायचं, आणि बिल्डरने हात वर केले की खरेदीदारामागे लागायचं, हा प्रकार दिल्लीच्या आसपास इतका झाला की २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बिल्डर आणि कर्जसंस्थांच्या साटेलोट्याचा तपास सीबीआयकडे द्यावा लागला. बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणेच पैसे सोडा, हे रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१३ मध्येच सांगितलं होतं. सांगणं आणि न पाळल्याची किंमत ठरवणं यांतली दरी ती हीच.

अमेरिकेने २०१० च्या कायद्यात ही दरी एका तरतुदीने बुजवली. ऐपत न तपासता कर्ज दिलं असेल, तर घर जप्तीला आल्यावर कर्जदार तो बचाव मांडू शकतो, मग कर्ज देऊन किती वर्षं झाली याला महत्त्व नाही. आणि कर्ज दुसऱ्याला विकलं असलं तरी हा बचाव त्याच्यामागोमाग जातो. परिणाम न्यायालयात कमी आणि मंजुरीच्या टेबलावर जास्त दिसला. कागद न मागता दिलेली कर्जं मुख्य बाजारातून जवळजवळ गेली.

तसंच कलम सरफेसीत घालता येईल. यामुळे न्यायाधिकरणं दाव्यांनी तुंबतील असं सांगितलं जाईल. पण तपासायचं काय आहे? मंजुरीच्या दिवशीचं एक पान. त्यावर पक्कं उत्पन्न वेगळं आणि बदलतं वेगळं, सगळे चालू हप्ते, पदरचे पैसे कुठून आले त्याचा माग, आणि दर अडीच टक्क्यांनी वाढला तर हप्ता किती व उरलेल्या पैशांत घर कसं चालेल याचा हिशेब. खाली मंजूर करणाऱ्याची सही, एक प्रत कर्जदाराकडे. ते पान असेल आणि खरं असेल, तर पहिल्याच तारखेला कर्जदाराचा बचाव फेटाळून वसुली पुढे जावी. कर्जदाराने खोटी पगारपावती दिली असेल तरी बचाव फेटाळावा. आणि पान नसेल, किंवा इन्सेन्टिव्ह पक्क्या पगारात दडवलेला असेल, तर बँकेने घर विकून येईल तेवढं घ्यावं आणि उरलेली थकबाकी स्वतःच्या खाती टाकावी.